अमेरिकेतलं बाळंतपण: इन्शुरन्स असूनही खिशातून नक्की किती जातात?

पारिजातक
नमस्कार मंडळी. आम्ही शार्लटला (नॉर्थ कॅरोलायना) असतो. नवरा एच-१बी वर्क व्हिसावर, मी एच-४वर (त्याची बायको म्हणून मिळालेला व्हिसा). पहिलंच बाळंतपण आहे, तारीख मार्चअखेरची दिली आहे. आई फेब्रुवारीत नाशिकहून येईल. सध्या नवऱ्याच्या कंपनीत ओपन एनरोलमेंट (वर्षातून एकदा प्लॅन निवडायची मुदत) चालू आहे आणि २०२६ साठी दोनातला एक प्लॅन निवडायचाय.

पहिला पीपीओ प्रकारचा. पगारातून महिन्याला ६१० डॉलर जाणार. डिडक्टिबल (इन्शुरन्स द्यायला लागायच्या आधी आपण भरायचे ते) माणशी ७५०, घराचं मिळून १५००. त्यापुढे २० टक्के आपले. आउट ऑफ पॉकेट मॅक्स (वर्षात खिशातून जास्तीत जास्त) माणशी ४०००, घराचा ८०००.

दुसरा हाय डिडक्टिबलवाला. महिन्याला २९०. डिडक्टिबल ३४०० आणि ६८००, पुढे तेच २० टक्के, मॅक्स ६००० आणि १२०००. शिवाय कंपनी एचएसएत (औषधोपचारासाठीचं करमुक्त बचत खातं) वर्षाचे १५०० टाकते. दोन्ही हप्ते बाळ धरून फॅमिलीचे आहेत.

मैत्रिणींना विचारलं तर डोकं आणखीच फिरलं. एकीला सगळं मिळून चारशे डॉलर लागले, दुसरीला नऊ हजार. दोघींचं नॉर्मल, दोघींकडे चांगल्या कंपनीचा इन्शुरन्स. वर डॉक्टरांच्या ऑफिसने अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या आत चौदाशे डॉलर भरायला सांगितलेत. बाळ व्हायच्या आधीच पैसे? हे असंच असतं का?

रामभरोसे
पुण्याचं तिकीट काढा. इथल्या डिडक्टिबलमध्ये तिकडे बाळंतपण, बारसं आणि बारशाचं जेवण, सगळं उरकतं.

डॅलसवाडीकर
आले रामभाऊ! धागा कसलाही असो, यांचं उत्तर तिकीट.

बिलिंगवाली
पारिजातक, अभिनंदन! मी न्यू जर्सीत एका ओबी (प्रसूतितज्ज्ञ) प्रॅक्टिसचं बिलिंग बघते, म्हणजे दिवसभर हेच. जरा सविस्तर लिहिते.

चौदाशेचं आधी. ओबी डॉक्टरची फी बहुतेक ठिकाणी एकगठ्ठा असते, तिला ग्लोबल म्हणतात. नऊ महिन्यांच्या नेहमीच्या भेटी, प्रत्यक्ष बाळंतपण आणि नंतरची तपासणी हे सगळं एकाच कोडखाली जातं: नॉर्मलला ५९४००, सिझरला ५९५१०. हा क्लेम बाळ झाल्यावरच पाठवला जातो. तोपर्यंत प्रॅक्टिसच्या हातात काही पडत नाही, म्हणून तुमच्या प्लॅनवरून तुमचा वाटा किती येईल याचा अंदाज काढून तो आधी मागतात. प्रकार रीतसर आहे, पण अंदाज तो अंदाजच. कुठल्या वर्षाच्या प्लॅनवर काढलाय ते विचारा. २०२५ च्या प्लॅनवर काढला असेल तर काही उपयोग नाही, कारण क्लेम मार्चमध्ये जाणार आणि २०२६ च्या डिडक्टिबलला लागणार. हप्ते पाडून मागितले तर देतात. आणि जास्तीचे भरले गेले तर परत मागावे लागतात, आपणहून चेक क्वचितच येतो.

सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्या ग्लोबलमध्ये नसतात. त्या ज्या तारखेला झाल्या त्या वर्षात. म्हणजे तुमची विसाव्या आठवड्याची मोठी सोनोग्राफी या वर्षाच्या डिडक्टिबलला लागेल.

जानेवारीत इन्शुरन्सची कंपनीच बदलत असेल (नुसता प्लॅन नाही, कंपनी) तर ग्लोबल फुटतो. आधीच्या भेटींचं बिल जुन्या कंपनीला वेगळ्या कोडने जातं, उरलेलं नव्या कंपनीला. तसं असेल तर प्रॅक्टिसला आत्ताच सांगून ठेवा. आम्हाला हे कळतं ते बहुधा क्लेम नाकारला गेल्यावर.

आता चारशे आणि नऊ हजार. डॉक्टर, हॉस्पिटल, एपिड्युरल देणारा भूलतज्ज्ञ, लॅब, बाळाला तपासणारा डॉक्टर, ही सगळी बिलं वेगवेगळी येतात. आणि लोकांच्या हमखास लक्षात येत नाही ती गोष्ट अशी की बाळ जन्मल्या क्षणी स्वतंत्र पेशंट होतं. त्याचा क्लेम वेगळा, डिडक्टिबल वेगळं, मॅक्स वेगळा. काही प्लॅन ठणठणीत बाळाचा हॉस्पिटलातला खर्च आईच्या क्लेममध्ये धरतात, बरेच धरत नाहीत. तुमच्या चारशेवाल्या मैत्रिणीचा प्लॅन जुन्या वळणाचा असणार: हॉस्पिटलात भरती व्हायचा ठरावीक को-पे (आपण द्यायची ठरलेली रक्कम), बाकी शून्य. नऊ हजारवालीचा हाय डिडक्टिबल, आणि बाळालाही काहीतरी झालं असणार. कावीळ वगैरे.

पारिजातक
बाप रे, हो! तिच्या बाळाला कावीळच झाली होती. घरी गेल्यावर परत ॲडमिट करून लाइटखाली ठेवलं होतं.

सातारी_तर्री
म्हणजे पोरगं रांगायच्या आधी त्याच्या नावाने बिल. आमच्या मुलीच्या नावाने आलेलं पहिलं पाकीट हॉस्पिटलचं होतं. तेव्हा तिचं नावसुद्धा ठरलं नव्हतं, पाकिटावर ‘बेबी गर्ल’ आणि पुढे आडनाव. बारशाच्या आधी कलेक्शनची (थकबाकी वसुलीवाल्यांची) भीती.

फ्रीमाँटकर
बाळाला इन्शुरन्समध्ये घालायची मुदत कुणीतरी ठळक करून सांगा. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याची ती हुकली होती. कंपनीच्या इन्शुरन्समध्ये जन्मापासून किमान ३० दिवस मिळतात (काही कंपन्या जास्त देतात). मार्केटप्लेसवरच्या (स्वतः इन्शुरन्स घ्यायची सरकारी साइट) प्लॅनला ६० दिवस. मुदतीत नाव घातलं की कव्हरेज जन्माच्या तारखेपासून लागू होतं, म्हणजे हॉस्पिटलातला खर्चही आत येतो. ते दोघं सोशल सिक्युरिटी नंबरची वाट बघत थांबले. कार्ड पोस्टाने आलं तोवर महिना उलटला होता, आणि एचआरचं म्हणणं एकच, सिस्टम घेत नाही. पुढच्या ओपन एनरोलमेंटपर्यंत बाळाला वेगळा प्लॅन विकत घ्यावा लागला.

नंबर नसतानाही नाव घालता येतं, नंबर मागाहून देता येतो. हॉस्पिटल जन्माचा दाखला म्हणून जो कागद देतं तो बहुतेक एचआरना चालतो. हे काम बाळंतिणीवर सोडू नका, बापाने करायचं. हॉस्पिटलच्या त्या न उलगडणाऱ्या सोफ्यावर बसून तेवढंच तर करता येतं.

बिलिंगवाली
+१०० फ्रीमाँटकर.

यालाच जोडून, नवरा-बायको दोघांकडे आपापल्या कंपनीचा इन्शुरन्स असेल आणि बाळ दोन्हीकडे घातलं असेल, तर बाळाचा मुख्य इन्शुरन्स कोणता हे तुम्ही ठरवत नाही. आईबापांपैकी ज्याचा वाढदिवस वर्षात आधी येतो त्याचा प्लॅन मुख्य. जन्मसाल बघत नाहीत, फक्त महिना आणि तारीख. आईचा दणदणीत प्लॅन ऑगस्टचा आणि बापाचा फुटकळ प्लॅन फेब्रुवारीचा असला तर पहिलं बिल बापाच्या फुटकळ प्लॅनकडे. नको असेल तर बाळाला एकाच ठिकाणी घाला.

कोथरूड_टू_कनेक्टिकट
राशीवरून इन्शुरन्स ठरवायचा तेवढा बाकी राहिलाय.

जुनाजाणता
तुम्हा नव्या मंडळींना हे सगळं भयंकर वाटतंय, पण आधी काय होतं ते सांगतो. २००९ साली मी कॉन्ट्रॅक्टवर होतो आणि इन्शुरन्स स्वतःचा घेतलेला. त्यात बाळंतपण मुळात नव्हतंच. ‘मॅटर्निटी रायडर’ वेगळा विकत घ्यायचा आणि तो लागू व्हायच्या आधी ठरावीक महिने थांबायचं. बायको आधीच गरोदर असेल तर विषय संपला. ते ‘आधीपासूनचं दुखणं’ धरून नवी पॉलिसी सरळ नाकारत. मी एजंटला फोन केला तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, “आर यू करंटली एक्स्पेक्टिंग?” पुरुषाला! म्हणजे घरात कुणी गरोदर असेल तरी ते चालत नसे.

मोठ्या कंपनीत नोकरी असलेल्यांना हा त्रास तेव्हाही नव्हता. १९७८ चा कायदा होता, १५ किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीने आजारपणाला इन्शुरन्स दिला तर बाळंतपणालाही त्याच अटींवर द्यायचा. १९९६ मध्ये आणखी दोन गोष्टी झाल्या. कंपनीच्या ग्रुप इन्शुरन्सला गरोदरपण ‘आधीपासूनचं दुखणं’ धरायला बंदी झाली, आणि नॉर्मलनंतर ४८ तास, सिझरनंतर ९६ तासांच्या आत इन्शुरन्स कंपनीने घरी पिटाळायचं नाही असा नियम आला. त्याआधी एका दिवसात बाळंतिणीला बाहेर काढायला लागले होते.

स्वतः इन्शुरन्स घेणाऱ्यांची सुटका व्हायला मात्र २०१४ उजाडलं. ओबामांच्या कायद्याने प्रसूती आणि नवजात बाळाची काळजी हे ‘आवश्यक दहा’ लाभांमध्ये घातलं आणि गरोदर आहे म्हणून नाकारणं बंद झालं. पळवाट अजूनही आहे. शॉर्ट टर्म प्लॅन, धार्मिक ‘हेल्थ शेअरिंग’ गट आणि व्हिजिटर इन्शुरन्स यांना हा नियम लागू नाही. हप्ता अगदीच स्वस्त दिसला की आधी तेच तपासा.

पीएचडीग्रस्त
आमचाही प्रश्न इथेच विचारतो. मी मिडवेस्टात पीएचडी करतोय, बायको एफ-२वर (विद्यार्थ्याच्या बायकोचा व्हिसा). युनिव्हर्सिटीच्या इन्शुरन्समध्ये तिला घालायचा वर्षाचा हप्ता ऐकून घेरी आली. बाहेरचा स्वस्त प्लॅन चालेल का? कुणी मेडिकेडबद्दलही (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी इन्शुरन्स) सांगितलं, पण आपल्याला ते मिळतं का? आणि पुढे ग्रीन कार्डला अडचण?

ओहायोची_ओवी
बाहेरचा स्वस्त प्लॅन घेण्याआधी त्यात ‘मॅटर्निटी’ कुठे आहे ते शोध. ‘गरोदरपण पॉलिसी सुरू झाल्यानंतर राहिलं असेल तरच’ अशी ओळ बारीक अक्षरात असते.

मेडिकेड ऐकून लाजू नकोस. या देशातली दहातली चार बाळंतपणं मेडिकेडवर होतात. नव्याने आलेल्यांना पाच वर्षं थांबायची अट असते, पण २००९ पासून राज्यांना मुभा आहे की कायदेशीर राहणाऱ्या गरोदर बायकांना त्या अटीशिवाय घ्यावं. बऱ्याच राज्यांनी ती घेतलीय, सगळ्यांनी नाही. ज्यांनी घेतलीय तिथे विद्यार्थ्यांच्या आणि एच-४वाल्या बायकाही बसतात. उत्पन्नाची मर्यादा गरोदर बाईसाठी सैल असते आणि घरातली माणसं मोजताना पोटातलं बाळ धरतात. तुमचं घर दोघांचं नाही, तिघांचं धरलं जाईल. आईचं बाळंतपण मेडिकेडवर झालं की बाळाला पहिलं वर्षभर आपोआप मिळतं. आईलाही आता जवळपास सगळ्या राज्यांत बाळंतपणानंतर वर्षभर. पूर्वी ते ६० दिवसांत संपायचं.

ग्रीन कार्डचं म्हणशील तर २०२२ च्या नियमात साधं मेडिकेड मोजत नाहीत, रोख मदत आणि सरकारी खर्चाने कायम संस्थेत राहणं तेवढं मोजतात. पण सध्याचं सरकार तो नियम बदलू पाहतंय. तेव्हा अर्ज करण्याआधी युनिव्हर्सिटीच्या वकिलाशी बोल. यात कुठल्या धाग्यावर विसंबू नकोस, माझ्या प्रतिसादावरही नाही.

हिशोबनीस
कर भरून भरून आम्ही थकलो आणि...

संपादक मंडळ
हिशोबनीस, पुढचा मजकूर काढला आहे. मेडिकेडचं राजकारण आणि जन्मावरून मिळणारं नागरिकत्व या दोन्हींसाठी वेगळे धागे आहेत.

एनआयसीयूची_आई
आमचं बाळ बत्तिसाव्या आठवड्यात आलं. दोन-अडीच आठवडे एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग. हॉस्पिटलने लावलेला आकडा एक लाख नव्वद हजार डॉलर. तो कागद उघडला तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते, खालीच बसले. मग नवऱ्याने वरची ओळ दाखवली, ‘धिस इज नॉट अ बिल’. ईओबी होता तो, इन्शुरन्सचा हिशोबाचा कागद. हॉस्पिटल आणि इन्शुरन्सच्या करारातला दर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास निघाला, आणि आमच्याकडून गेला फक्त बाळाचा मॅक्स. ईओबीवरच्या आकड्याला कुणी घाबरू नका. पैसे ईओबी पाहून भरायचे नाहीत आणि नुसतं बिल पाहूनही नाहीत. दोन्ही शेजारी ठेवून ‘तुमचा वाटा’ हा रकाना जुळला तरच.

पूर्वी अशा बाळांच्या बाबतीत आणखी एक खोड होती. हॉस्पिटल नेटवर्कमधलं (आपल्या इन्शुरन्सशी करार असलेलं), पण नवजात बाळांचा डॉक्टर बाहेरचा, भूलतज्ज्ञ बाहेरचा, आणि त्यांची बिलं स्वतंत्र. १ जानेवारी २०२२ पासून ‘नो सरप्रायझेस ॲक्ट’ने ते बंद झालं. हॉस्पिटल नेटवर्कमध्ये असेल तर या लोकांना जास्तीचे मागता येत नाहीत. तरी बिल आलंच तर कायद्याचं नाव घेऊन फोन करा, आवाज लगेच मऊ होतो. हेलिकॉप्टरलाही हा कायदा लागू आहे, रस्त्यावरच्या अँब्युलन्सला नाही. आमच्या बाळाला दुसऱ्या हॉस्पिटलात अँब्युलन्सने हलवलं होतं. सगळ्यात जास्त भांडण त्या बिलावर झालं.

डॅलसवाडीकर
ताई, बाळ आता कसं आहे?

एनआयसीयूची_आई
दुसरीत आहे. भाताला हात लावत नाही, बाकी मजेत!

खोट्या_कळा
आयडी याच विषयासाठी घेतलाय असं समजा. :)

छत्तिसाव्या आठवड्यात रात्री दोन वाजता पोट आवळायला लागलं. सासूबाई म्हणाल्या थांब, गरम पाणी पी. नवऱ्याने गाडी काढली. तिथे पट्टे लावून बाळाचे ठोके बघितले, तास-दीड तासाने ‘खोट्या कळा आहेत, घरी जा’. महिन्याने बिल एकोणीसशेचं. पाहते तर लिहिलंय ‘इमर्जन्सी’. मी इमर्जन्सीत गेलेच नव्हते, लिफ्टने सरळ बाळंतपणाच्या मजल्यावर गेले होते! तर काही हॉस्पिटलांनी त्या मजल्यावरच्या तपासणी खोलीला ‘ओबी इमर्जन्सी’ म्हणून नोंदवलंय. पाटी तुम्हाला दिसो न दिसो, बिलात दिसते. हॉस्पिटलचा दौरा कराल तेव्हा हे विचारून ठेवा.

पाणी गेलं, रक्त दिसलं, बाळाची हालचाल कमी वाटली तर पैशाचा विचार न करता निघा. नुसतं आवळत असेल तर आधी डॉक्टरांच्या रात्रीच्या नर्सला फोन. तो फुकट असतो.

सातारी_तर्री
इथे सासूबाई एकोणीसशे डॉलरने जिंकल्या याची नोंद व्हावी.

फ्रीमाँटकर
बिल आलं की ‘आयटमाइज्ड’ मागा, प्रत्येक ओळ वेगळी छापलेलं. आपोआप पाठवतात त्यात नुसते ‘फार्मसी’, ‘लेबर रूम’ असे गठ्ठे असतात. आमच्या मुलाच्या बिलात सुंतेचे पैसे लावले होते. कुणी विचारलं की नको म्हणायचं हे आम्हाला माहीत होतं, आम्ही नर्सला नको सांगितलं, फॉर्मवरही नको लिहिलं. तरी बिलात ओळ आहेच! फोनवरची बाई म्हणे, “सर, आर यू शुअर इट वॉज नॉट डन?” आता यावर काय पुरावा द्यायचा? बालरोगतज्ज्ञाकडून चिठ्ठी आणली तेव्हा काढली ती ओळ.

कोथरूड_टू_कनेक्टिकट
😂😂 ‘आर यू शुअर’!

तुम्ही निदान न केलेल्याचे पैसे काढून घेतलेत. युटामधल्या एका बापाने २०१६ साली बिल नेटवर टाकलं होतं, सिझरनंतर बाळ आईच्या छातीवर ठेवायचे ३९ डॉलर ३५ सेंट. हॉस्पिटलचं म्हणणं, त्या वेळी जास्तीची नर्स लागते.

रामभरोसे
गंमत बाजूला. मी तिकीट म्हणतो ते अगदीच वाऱ्यावरचं नाही. माझ्या बहिणीने पहिलं बाळंतपण माहेरी, सांगलीला केलं. हॉस्पिटलने पॅकेज आधी कागदावर लिहून दिलं आणि बिल तेवढंच आलं. इथे एवढा साधा प्रश्न विचारला, ‘एकूण किती?’, तर चार जण चार ठिकाणी फोन करायला सांगतात.

आज्जी_अटलांटा
रामभाऊ, तुमचा मुद्दा मला पटतो, पण अर्धाच. शेवटी शेवटी विमानात घेत नाहीत, म्हणजे दोन-तीन महिने आधी निघायचं. नवरा इथे, बाळाचा पासपोर्ट आणि व्हिसा होईपर्यंत परतणं लांबणार. तिकडचा खर्च रोखीने भरायचा, कारण इथल्या प्लॅनमध्ये बहुधा परदेशातलं ठरवून केलेलं बाळंतपण बसत नाही. तिकडच्या नोकरदारांनाही इन्शुरन्स पुरतोच असं नाही हो. माझ्या भाच्याच्या पुण्यातल्या कंपनीत बाळंतपणाला पन्नास हजारांची मर्यादा आहे, सिझर झालं की वरचे खिशातून. पहिलं बाळंतपण माहेरी ही हौस मीही केली आहे. पैसे वाचतात म्हणून कुणी करू नये.

आणि पारिजातक, आईच्या इन्शुरन्सचं बघ बाई. सगळे बाळाच्या इन्शुरन्समागे असतात आणि साठीची आई नुसत्या देवाच्या भरवशावर विमानात बसते. व्हिजिटर इन्शुरन्समध्ये ‘फिक्स्ड बेनिफिट’ स्वस्त दिसतो, पण एका आजाराला इतकेच असं ठरलेलं असतं आणि इथल्या बिलापुढे ते काहीच नाही. ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ घे. बीपी, शुगर असेल तर नेहमीचं दुखणं त्यात नसतंच. ‘अक्यूट ऑनसेट’ म्हणून अचानक बळावलं तर काही प्लॅन देतात, त्याला वयाची मर्यादा असते. औषधं पूर्ण मुक्कामाची आणायला सांग. डिंकाचे लाडू चार कमी आणले तरी चालतील.

बिलिंगवाली
आज्जी, लाडू कमी नकोत!

पारिजातक, तुमचे दोन प्लॅन मांडते. समजा नॉर्मल झालं, करारातल्या दराने तुमचा खर्च १६,००० आणि बाळाचा ४,००० (हे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत). पीपीओत तुमचे ७५० अधिक उरलेल्याचे २० टक्के म्हणजे ३८००, बाळाचे १४००. एकूण ५२००. वर्षाचे हप्ते ७३२०. सगळं मिळून १२,५२०.
हाय डिडक्टिबलमध्ये तुमचे ५९२०, बाळाचे ३५२०. एकूण ९४४०. हप्ते ३४८०, त्यातून कंपनीचे १५०० वजा. सगळं मिळून ११,४२०.
आता वाईटात वाईट धरा, सिझर आणि एनआयसीयू. दोघांचे मॅक्स लागले. पीपीओ १५,३२०, दुसरा १३,९८०.

म्हणजे ज्याचं नाव ऐकून लोक घाबरतात तोच इथे दोन्हीकडे हजाराने स्वस्त पडतोय, एचएसएचा कर वाचतो तो वेगळाच. हे तुमच्या आकड्यांपुरतं खरं आहे, दुसऱ्या कंपनीत उलट निघेल. हप्ता न धरता नुसतं डिडक्टिबल बघणं ही सगळ्यात सर्रास चूक. फक्त हाय डिडक्टिबलमध्ये मार्च ते मे या काळात साडेनऊ हजारांची बिलं अंगावर येतील, तेवढी तजवीज हवी.

हिशोबनीस
हिशोब बरोबर आहे. (या वेळी फक्त हिशोबच लिहितोय, संपादकांनी नोंद घ्यावी.)

सरासरीही सांगतो. केएफएफ या आरोग्य धोरणावर संशोधन करणाऱ्या संस्थेचं २०२२ चं विश्लेषण आहे, मोठ्या कंपन्यांच्या इन्शुरन्समधल्या बायकांचं. बाळंतपण झालेल्या बाईचा खर्च न झालेलीपेक्षा सरासरी १८,८६५ डॉलर जास्त, त्यातले खिशातून २,८५४. नॉर्मलला खिशातून २,६५५ आणि सिझरला ३,२१४. एकूण खर्च सिझरला जवळजवळ पावणेदोनपट, पण खिशातला फरक साडेपाचशे. डिडक्टिबल नॉर्मललाच संपतं, म्हणून. तेव्हा ‘सिझर झालं तर बुडालो’ असं निदान पैशाच्या बाबतीत म्हणू नये. कायद्याने जास्तीत जास्त मॅक्स २०२६ साठी माणशी १०,६०० आणि घराचा २१,२०० आहे, तुमचे दोन्ही प्लॅन त्याच्या बरेच आत आहेत. हे सगळं नेटवर्कमध्ये राहिलात तरच.

बे_एरियातला_बेरोजगार
ज्या विषयाला कुणी हात लावत नाहीये तो मी लावतो. मार्चच्या आत नोकरी गेली तर? आमच्या टीममध्ये गेल्या वर्षी बायको आठव्या महिन्यात असताना एकाची नोकरी गेली. एच-१बीचे (नवी नोकरी शोधायचे) ६० दिवस चालू, आणि इन्शुरन्स महिनाअखेर बंद.

२० किंवा जास्त माणसांच्या कंपनीत कोब्रा मिळतो, म्हणजे नोकरी गेल्यावरही कंपनीचा इन्शुरन्स चालू ठेवता येतो. तोच प्लॅन, तेच डॉक्टर, वर्षाचं जे काही डिडक्टिबल भरलंय तेही तसंच पुढे. हप्ता मात्र कंपनीच्या वाट्यासकट पूर्ण, वर २ टक्के. घ्यायचा की नाही ठरवायला ६० दिवस असतात आणि घेतला की मागच्या तारखेपासून लागू होतो, मागचे हप्ते भरावे लागतात. त्या मित्राने दोन हप्ते भरले, बाळंतपण झालं, मग नवी नोकरी. अडचणीच्या दिवसांत हप्ता बघून लोक मार्केटप्लेसवर स्वस्त प्लॅन घ्यायला धावतात, पण वर्षाच्या मध्यात नवा प्लॅन म्हणजे डिडक्टिबल पुन्हा शून्यापासून. आधी गणित करा.

ओहायोची_ओवी
आणि ज्यांना खरंच भरणं शक्य नाही त्यांच्यासाठी. बरीच हॉस्पिटलं कागदोपत्री ना-नफा असतात. त्यांना आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवावंच लागतं. पहिल्या बिलानंतर २४० दिवसांपर्यंत अर्ज घ्यावा लागतो, बिल कलेक्शनला गेलेलं असलं तरी. काही ठिकाणी उत्पन्नाची मर्यादा इतकी वर असते की एकट्याच्या पगारावर चालणारं घर त्यात बसतं. इन्शुरन्स असलेल्यांनाही काही ठिकाणी मिळते. पीएचडीग्रस्त, हे तुझ्यासाठीही.

पीएचडीग्रस्त
खूप आभार, ओवीताई. सोमवारी इंटरनॅशनल ऑफिसला जातोय.

पारिजातक
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. हाय डिडक्टिबलवाला घ्यायचं ठरलं. इन्शुरन्स कंपनी तीच आहे, म्हणजे ग्लोबल फुटणार नाही. डॉक्टरांच्या ऑफिसला फोन केला. त्यांनी खरंच या वर्षीच्या प्लॅनवर हिशोब केला होता. नव्यावर २३०० सांगताहेत, पण महिन्याचे हप्ते चालतील. हॉस्पिटलच्या दौऱ्यात ती तपासणी खोली कुठल्या नावाने नोंदली आहे तेही विचारणार आहे.

दोन शंका राहिल्या. डॉक्टरांच्या या हप्त्यांचे पैसे एचएसएतून भरता येतील ना? आणि ब्रेस्ट पंप आपल्याला विकत घ्यावा लागतो का? आई म्हणते त्या यंत्राची गरजच काय!

बिलिंगवाली
पंप इन्शुरन्समधून, डिडक्टिबल न लागता. शेवटच्या तिमाहीत डॉक्टरांकडून प्रिस्क्रिप्शन घ्या आणि प्लॅन ज्या पुरवठादाराचं नाव देईल त्याच्याकडूनच मागवा. दुकानातून आणून पावती लावली तर पैसे मिळतीलच असं नाही.

एचएसएतून भरता येईल, पण खातं उघडल्यानंतरच्या तारखेच्या उपचारांसाठीच. तेव्हा जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात खातं सुरू झालंय ना ते बघा. काही ठिकाणी ते आपण बँकेच्या साइटवर जाऊन सुरू करावं लागतं, आपोआप होत नाही. फॅमिलीची २०२६ ची मर्यादा ८७५०, त्यात कंपनीचे १५०० आले.

हिशोबनीस
नवऱ्याकडे या वर्षीचा एफएसए (औषधोपचारासाठी पगारातून करमुक्त बाजूला काढलेले पैसे) असेल तर डिसेंबरच्या आत संपवा. त्यातली शिल्लक पुढच्या वर्षात ओढली गेली तर एचएसएत पैसे टाकता येत नाहीत. चष्मा करून घ्या दोघांनी.

पारिजातक
आहे एफएसए, दोनशे चाळीस उरलेत! आज रात्रीच चष्म्याचं बघते.